मराठीच्या वाटेने जपानी भाषा



घरातून बाहेर पडताना मराठी माणूस 'जातो' असे म्हणत नाही. तो 'येतो' म्हणतो. निघताना 'जातो' हा शब्द उच्चारू नये, अशी जुन्या पिढीची शिकवण होती. जपानमध्ये सकाळी शाळेस निघालेले मूल घरातील माणसांना 'इत्ते किमासु' असे सांगते. त्याचा शब्दशः अर्थ 'जाऊन येतो' असाच आहे. आतून उत्तर येते, 'इत्तेराश्शाइ', म्हणजे 'जाऊन या'. हा संवाद इंग्रजीतून समजावून द्यावयाचा तर टीप जोडावी लागते; मराठीतून सांगताना टिपेची आवश्यकता भासत नाही.

मराठी आणि जपानी या भाषांचे कूळ एक नाही. तथापि त्यांच्या घडणीत जे साम्य आढळते, त्याचा नवशिक्याला मोठा उपयोग होऊ शकतो. आपल्याकडे जपानी शिकू इच्छिणारा बहुधा इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकाकडे वळतो आणि त्यामुळे एका परक्या भाषेतून दुसऱ्या परक्या भाषेकडे जाण्याचा दुहेरी भार त्याच्यावर पडतो. हा भार टाळता येण्यासारखा आहे.

परिचित वर्णक्रम

जपानी लिपीतील हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरमालांत प्रत्येकी 46 मूळ अक्षरे आहेत. त्यांचा क्रम पाहिला म्हणजे मराठी विद्यार्थ्याला आश्चर्य वाटते. प्रथम आ, इ, उ, ए, ओ हे स्वर. नंतर का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा या ओळी. हा क्रम योगायोगाने आलेला नाही. नवव्या शतकाच्या आरंभी कूकाई या भिक्षूने चीनमध्ये जाऊन बौद्ध विद्या व सिद्धम् लिपीचे ज्ञान संपादन केले. पुढे संस्कृत वर्णांचा अभ्यास करणाऱ्या भिक्षूंच्या परंपरेतून जपानी अक्षरांची ही मांडणी सिद्ध झाली. 'ना' आणि 'मा' यांच्यामध्ये 'हा' कसा आला, अशी शंका कोणासही येईल. प्राचीन जपानीत या अक्षराचा उच्चार 'पा' असा होता. म्हणजे ती जागा आपल्या पवर्गाचीच आहे.

उच्चारांच्या बाबतीतही मराठी माणूस रित्या हाताने जात नाही. 'त्सु' हा ध्वनी अनेक परदेशी विद्यार्थ्यांना अवघड जातो; 'चूल' आणि 'चमचा' म्हणणाऱ्याला तो जड जाऊ नये. ऱ्हस्व-दीर्घाचे भान मात्र जागे ठेवावे लागते. 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा आत्या, तर 'ओबाआसान' म्हणजे आजी. 'किते' म्हणजे 'ये', तर 'कित्ते' म्हणजे टपालाचे तिकीट. मका आणि मक्का यांतील फरक ज्याच्या कानाला कळतो, त्याला हेही कळेल. 'देसु' या शब्दातील अंत्य 'उ' बोलताना जवळजवळ ऐकू येत नाही; आपणही 'राम' हा शब्द लिहितो तसा पूर्ण उच्चारीत नाही.

वाक्याची घडण

कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद ही मराठीची रीत जपानीतही आहे. 'वाताशि वा मिझु ओ नोमिमासु', म्हणजे 'मी पाणी पितो'. संबंध दाखविणारे शब्द नामाच्या मागाहून येतात. 'कारा' म्हणजे 'पासून' आणि 'मादे' म्हणजे 'पर्यंत'. यावरून घरातील मुलांना एक खेळ देता येईल. एसटीच्या प्रवासात 'पुणे कारा सातारा मादे, सातारा कारा कोल्हापूर मादे' असे म्हणत गेल्यास दोन अव्यये कायमची पाठ होतात. वाक्य प्रश्नार्थक करण्यासाठी शेवटी 'का' लावावयाचा. 'नोमिमासु का?' म्हणजे 'पिता का?' हा मात्र निव्वळ योगायोग आहे. पण लक्षात ठेवण्यास सोयीचा आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट संयुक्त क्रियापदांची. 'मिरु' म्हणजे पाहणे. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन पाहणे. 'ओकु' म्हणजे ठेवणे. 'कात्ते ओकु' म्हणजे विकत घेऊन ठेवणे. मराठीत विचार करणाऱ्याला ही रचना आयतीच हाती येते.

काही ठिकाणी मात्र मराठी वाट चकविते. जपानी क्रियापद लिंग, वचन व पुरुष यांप्रमाणे बदलत नाही. 'तुम्ही' याला 'आनाता' हा शब्द कोशात सापडतो, परंतु समोरच्या व्यक्तीस तो सर्रास वापरणे शिष्टसंमत नाही. तिच्या नावापुढे 'सान' लावून बोलावे. 'सान' स्वतःच्या नावास लावू नये, हे आपल्या 'राव' आणि 'साहेब' यांवरून सहज ध्यानात येईल. आदरार्थी भाषेचे बारकावे पुष्कळ आहेत. प्रारंभी 'मासु' आणि 'देसु' यांनी संपणारी सभ्य वाक्ये पुरेशी होत.

खेळातून अभ्यास

जपानी मुले 'शिरितोरी' नावाचा खेळ खेळतात. त्या आपल्या भेंड्याच होत. आधीच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षराने नवा शब्द सुरू करावयाचा: साकुरा, राकुदा, दारुमा, मादो. 'न्' या अक्षराने संपणारा शब्द ज्याच्या तोंडून निघेल तो हरला. दोघांतिघांनी रोज दहा मिनिटे हा खेळ खेळल्यास शब्दसंग्रह नकळत वाढतो.

दुसरी शाळा स्वयंपाकघराची. डब्यांवर हिरागानात चिठ्ठ्या चिकटवाव्या: मिठाच्या डब्यावर 'शिओ', तांदळाच्या डब्यावर 'कोमे', चहाच्या डब्यावर 'ओचा'. चहा आणि 'ओचा' हे दोन्ही शब्द मुळात चिनी भाषेतून आलेले आहेत. मोजणीचा सरावही येथेच करावा. जपानीत पंचवीस म्हणजे 'नि-जू-गो', अर्थात दोन दहा पाच. आपल्याप्रमाणे शंभरापर्यंतचा प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागत नाही. परंतु वस्तूच्या आकाराप्रमाणे मोजणीचा शब्द बदलतो. लाटणे लांबट म्हणून 'इप्पोन', पोळी चपटी म्हणून 'इचिमाइ'. कोथिंबिरीची जुडी आणि केळ्यांची फणी म्हणणाऱ्या गृहिणीला यात नवल वाटणार नाही.

कांजी या चित्रलिपीचे भय सर्वांनाच वाटते. जपानमध्ये नित्य वापरासाठी निश्चित केलेल्या कांजींची संख्या 2136 आहे. परंतु तेथील पहिलीच्या मुलाला वर्षभरात 80 च शिकवितात. नवशिक्यानेही तोच हिशेब धरावा. झाडाचे एक चिन्ह, दोन झाडे म्हणजे वन, तीन झाडे म्हणजे अरण्य. झाडाशेजारी माणूस म्हणजे विश्रांती. अशी गोष्ट जोडून शिकलेले चिन्ह सहसा विसरत नाही.

प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष बोलणे

भारत आणि जपान यांच्यात जानेवारी 2021 मध्ये विशिष्ट कौशल्यधारक कामगारांसंबंधी सहकार्याचा करार झाला. शुश्रूषा-सेवेसह अनेक क्षेत्रांत काम करण्यासाठी आपले तरुण जपानी शिकू लागले आहेत. 1984 पासून घेतल्या जाणाऱ्या जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेची केंद्रे पुणे व मुंबई येथेही आहेत. तिच्या पाच श्रेणींपैकी एन 5 ही सर्वांत प्राथमिक. या परीक्षेत वाचन आणि श्रवण तपासले जाते. संभाषणाची परीक्षा होत नाही. म्हणून उत्तीर्ण उमेदवारही प्रत्यक्ष प्रसंगी मुका राहण्याचा संभव असतो.

अशा प्रसंगाचे मोल थोडे नाही. मराठीत टपटप, चमचम, धोधो असे अनुकरणवाचक शब्द आहेत, तसे जपानीत विपुल आहेत. 'किराकिरा' म्हणजे चमचम, 'झाआझाआ' म्हणजे धोधो पाऊस. हे शब्द मौजेचे म्हणून पुष्कळ विद्यार्थी मागे टाकतात. परंतु वृद्धसेवागृहातील आजी आपले दुखणे याच शब्दांत सांगते. 'झुकिझुकि' म्हणजे ठणका, 'चिकुचिकु' म्हणजे टोचल्यासारखे, 'हिरिहिरि' म्हणजे चुरचुर. शुश्रूषा करणाऱ्या मुलीला हा भेद कळला नाही, तर व्याकरण उत्तम असूनही रुग्णाची तक्रार डॉक्टरांपर्यंत नीट पोहोचणार नाही. ठणका आणि चुरचुर यांतील अंतर मराठी मुलीला मुळातच ठाऊक आहे. तिने फक्त नवे शब्द त्याला जोडावयाचे आहेत.

यासाठी जुन्या परवचाची पद्धत अनुकरणीय ठरेल. दिवेलागणीला मुले पाढे मोठ्याने म्हणत, त्याप्रमाणे रोज पंधरा मिनिटे जपानी ध्वनिमुद्रण ऐकावे आणि लगोलग मोठ्याने म्हणावे. जपान फाउंडेशनने विनामूल्य उपलब्ध केलेल्या 'इरोदोरी' या पाठ्यपुस्तकासोबत अशी ध्वनिमुद्रणे मिळतात. देवनागरीत उच्चार लिहून घेण्यास पहिले काही दिवस हरकत नाही. पण महिनाभरात ती काठी टाकून हिरागानाचा आधार घ्यावा. आठवड्यातून एकदा चार सोबत्यांनी जमून दुकान, दवाखाना, रेल्वे स्थानक असे प्रसंग वठवावे. चुका होतील, त्या घरी झालेल्या बऱ्या.

परभाषेच्या अभ्यासात पहिला उत्साह ओसरल्यावरचे दिवस कसोटीचे असतात. त्या दिवसांत मोठे संकल्प उपयोगी पडत नाहीत; डब्यावरची चिठ्ठी, भेंड्यांचा एक डाव आणि पंधरा मिनिटांचा परवचा उपयोगी पडतो. शिकणाऱ्याने प्रारंभ आजच, घरातून बाहेर पडताना करावा. 'येतो' म्हणण्याऐवजी त्याने 'इत्ते किमासु' म्हणावे आणि 'इत्तेराश्शाइ' हे उत्तर घरातील माणसांना शिकवून ठेवावे.