कोरल पांढरं पडलंय? आधी हात टँकच्या बाहेर ठेवा!

आजचा एपिसोड घरात खाऱ्या पाण्याचा टँक सांभाळणाऱ्यांसाठी आहे. टँक नसेल तरी ऐका, कारण ही गोष्ट शेवटी समुद्रापर्यंत जाणार आहे.

तर विषय असा. सकाळी लाइट लागतो आणि परवापर्यंत तपकिरी-हिरवं असलेलं कोरल पांढरंफटक दिसतं. पोटात गोळा येतो. मग लोक काय करतात? अर्धं पाणी बदलतात, दुकानातून दोन बाटल्या आणून ओततात, लाइट कमी करतात, कोरल उचलून दुसरीकडे ठेवतात. सगळं एकाच दिवसात! जे कोरल कदाचित वाचलं असतं, ते या उपचारांच्या धक्क्यानंच जातं. म्हणून आज आधी निदान, उपचार नंतर.

पहिल्यांदा हे समजून घ्या की पांढरं पडतं म्हणजे नेमकं काय होतं. कोरल हा प्राणी आहे. छोट्या छोट्या पॉलिपची ती वसाहत असते. या पॉलिपच्या टिश्यूमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं, त्याला म्हणतात झूझँथेली. घरमालक आणि भाडेकरू असं नातं समजा. भाडेकरू प्रकाशावर साखर बनवतो आणि भाडं साखरेत देतो. कोरलचं बहुतेक पोट त्या भाड्यावरच चालतं. पाणी तापलं किंवा प्रकाश झेपेनासा झाला की शैवालाचं तंत्र बिघडतं आणि टिश्यूला इजा करणारी ऑक्सिजनची रूपं तयार व्हायला लागतात. मग घरमालक भाडेकरूला बाहेर काढतो. कोरलचा तपकिरी रंग मुख्यतः या शैवालाचा, त्यामुळे ते गेलं की पारदर्शक टिश्यूतून खालचा चुन्याचा सांगाडा दिसतो. हेच ब्लीचिंग.

म्हणजे ब्लीच झालेलं कोरल मेलेलं नसतं, उपाशी असतं. त्याच्याकडे काही दिवस, कधी काही आठवडे असतात. आपल्याला घाई नाही, पण वेळ वाया घालवायलाही परवानगी नाही.

एक गोष्ट मध्येच सांगतो. भारतात सगळी दगडी प्रवाळं आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोणी ‘सेटिंग आहे’ म्हणून विकत असेल तर लांब राहा. दुबई, लंडन, न्यू जर्सीतून ऐकणाऱ्यांकडे टँकमध्येच वाढवलेली दगडी कोरल असतील. इथल्या टँकमध्ये जास्त दिसतात ती झोअँथस, मशरूम, लेदर कोरल आणि ॲनिमोन. यांच्यातही हेच शैवाल असतं, म्हणून तीही ब्लीच होतात. दुकानात पांढराशुभ्र ॲनिमोन ‘रेअर पीस’ म्हणून दाखवला तर लक्षात ठेवा, तो बहुतेक वेळा ब्लीच झालेला, उपाशी जीव असतो.

आता निदान. पहिला प्रश्न: टिश्यू आहे की नाही?

वरचे निळे लाइट बंद करा, साधा पांढरा टॉर्च बाजूनं मारा आणि मोबाइलवर जवळून फोटो काढा. निळ्या प्रकाशात काहीही कळत नाही. पांढऱ्या भागावर पॉलिपची तोंडं, पातळ चकचकीत थर दिसतोय का? एका सिरिंजनं त्यावर हलकेच पाणी सोडा. पॉलिप आत गेले तर ते जिवंत आहे. आणखी एक सोपी खूण म्हणजे चार-पाच दिवस थांबून बघणं. मेलेल्या उघड्या सांगाड्यावर हिरवट-तपकिरी शेवाळ धरायला लागतं. जिवंत टिश्यूवर ते सहसा धरत नाही, पांढरं तसंच स्वच्छ राहतं.

टिश्यू सोलून निघालं असेल तर ते ब्लीचिंग नाही, ते टिश्यू मरणं आहे. हॉबीतले लोक त्याला हळू असेल तर एसटीएन आणि झपाट्यानं असेल तर आरटीएन म्हणतात. आरटीएनमध्ये एका दिवसात अख्खी फांदी उघडी पडू शकते. तिथे वाट बघायची नाही. निरोगी भाग सीमेपासून थोडा वर कापून वेगळा ठेवायचा.

दुसरा प्रश्न: पांढरं कुठे आहे?

फक्त वरची बाजू पांढरी आणि सावलीतली बाजू रंगीत असेल, तर संशय लाइटवर. नवीन एलईडी बसवला का? कोरल वर सरकवलं का? खालून, बुडापासून पांढरं चढत असेल, तर टिश्यू मरतंय असं समजा. मधेमधे गोल चट्टे असतील तर कोणीतरी खातंय. रात्री टॉर्च घेऊन खालची बाजू बघा. ॲक्रोपोरा खाणारे चपटे किडे आणि माँटिपोरा खाणारे न्यूडीब्रँक लपण्यात पटाईत असतात. फक्त फांद्यांची टोकं फिकी असतील आणि कोरल वाढत असेल, तर अभिनंदन, ती नवी वाढ आहे! आणि टँकमधली बरीच कोरल एकदम फिकी पडली, तर दोष पाण्यात किंवा तापमानात शोधा.

कधी कधी कोरल पांढरं न पडता अचानक निऑन निळं, गुलाबी, जांभळं होतं. फोटोला लाइक्स मिळतात, पण सावध व्हा. साउथहॅम्प्टन विद्यापीठातल्या प्रयोगशाळेनं २०२० मध्ये दाखवलं की हा ब्लीचिंगचाच प्रकार असू शकतो. शैवाल गेल्यामुळे आत जास्त उजेड खेळतो आणि कोरल उन्हापासून बचावासाठी स्वतःचे रंग वाढवतं.

तिसरा प्रश्न: गेल्या तीन आठवड्यांत काय बदललं?

तापमानापासून सुरू करा, आणि ते दुपारी चार वाजता मोजा. सकाळी २६ दाखवणारा टँक एप्रिलच्या दुपारी ३१ वर गेलेला असतो. थर्मामीटर दोन ठेवा, हीटर अडकून चालूच राहिलाय का बघा. मग सॅलिनिटी. ती ३५ पीपीटीच्या आसपास हवी, पण रिफ्रॅक्टोमीटर आधी कॅलिब्रेट करा. उन्हाळ्यात पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या आरओ पाण्यानं. मग अल्कलिनिटी, ती साधारण ८ ते ९ डीकेएच आणि स्थिर असावी. शेवटी नायट्रेट आणि फॉस्फेट. दोन्ही शून्य दाखवत असतील तर ते यश नाही. शैवालालाही खायला लागतं. पार शून्यावर नेलेल्या पाण्यात कोरल फिकी पडतात.

आता उपाय. नियम एकच: कारण सापडलं की तेवढीच गोष्ट बदला, आणि हळू बदला.

लाइट असेल तर निम्म्यावर आणा आणि तीन-चार आठवड्यांत परत चढवा. उष्णता असेल तर पाण्यावर पंखा लावा. नागपूरच्या कोरड्या हवेत तो छान काम करतो, मुंबईच्या दमट हवेत कमी, तिथे चिलर किंवा खोलीचा एसी लागतो. अडचणीत घट्ट झाकणाची बर्फाची बाटली तरंगवा, पण पाणी तासाभरात खाली ओढू नका. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, म्हणून पृष्ठभाग हलता ठेवा. वीज जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप घरात असलाच पाहिजे. आणि भाडं बंद झालंय हे विसरू नका. पॉलिप तोंड उघडत असतील तर आठवड्यातून दोनदा बारीक खाद्य द्या, थोडंच.

रोज त्याच कोनातून, त्याच पांढऱ्या प्रकाशात एक फोटो काढा. डोळा फसतो, फोटो फसवत नाही. सुधारणा झाली तर कोरल आधी मळकट तपकिरी दिसेल. वाईट वाटून घेऊ नका, भाडेकरू परत आलाय! मूळ रंग यायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात.

आता समुद्राकडे या. नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा पाणी फक्त एक अंश जास्त तापलं आणि महिनाभर तसंच राहिलं, तर प्रवाळ बेटं पांढरी पडायला लागतात. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेनं चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर केलं. त्याच उन्हाळ्यात आपल्या लक्षद्वीपची प्रवाळंही मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. प्रवाळ आपल्या मालवणच्या पाण्यातही आहे. स्नॉर्कलिंगला गेलात आणि पांढरा खडक दिसला, तर आता तुम्हाला विचारता येईल: टिश्यू आहे का? म्हणजे अजून जीव आहे का? त्यावर पाय ठेवू नका, नांगर टाकू देऊ नका. उपाशी जिवाला एवढी उसंत तरी मिळू दे.

तुमच्या टँकचे फोटो पाठवा, पण पांढऱ्या प्रकाशातले! भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.