घोरणें आणि अडलेला श्वास

हिंगोली जिल्ह्यांतील पुसेगांवीं काय किंवा शहरांत काय, आजोबा घोरूं लागले कीं घरचीं माणसें समाधानानें म्हणतात, "कशी गाढ झोप लागली आहे!" परंतु घोरणें एकाएकीं थांबलें, आणि कांहीं वेळानें गुदमरल्यासारखा श्वास परत आला, तर ती गाढ झोप नव्हे. निजेंत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो. १० सेकंद किंवा त्याहूनही अधिक वेळ हवा आंत जात नाहीं. आजोबांना याची दादच नसते. खरी साक्ष आजींची, पण ती विचारतो कोण? दिवसाची पेंग, सकाळचें डोकें दुखणें, विसराळूपणा, सारें वयाच्या माथीं मारलें जातें. रक्तदाब मात्र वाढत राहतो. अशा वेळीं मनानेंच झोपेची गोळी घेणें घातक, मद्यही तसेंच.

रात्रभर श्वासाची नोंद घेऊन डॉक्टर निदान करतात. १९८१ सालीं सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनीं नाकावाटे दाबानें हवा सोडून घसा उघडा ठेवण्याची युक्ति प्रसिद्ध केली. तेंच आजचें सीपॅप यंत्र. मुखवट्याला कंटाळून कित्येक वृद्ध तें लवकरच कपाटांत ठेवतात. वास्तविक मुखवट्याचें माप बदलून घेतां येतें. ज्या रात्रीं यंत्र लावलें नाहीं, त्या रात्रीं श्वास पुन्हा अडतोच. शिवाय वीज गेली कीं यंत्र बंद; म्हणून खेड्यांतील घरांनीं तें घेतांनाच बॅटरीची चौकशी करावी.