होईल काय, आणि टिकेल काय?

आजच्या भाषणाचा विषय ऐकताच तो सरकारी कचेरीतील दप्तराचा आहे असे कित्येकांस वाटेल. एखादे धरण, कारखाना किंवा पाणीयोजना हाती घेण्यापूर्वी ती साध्य होईल किंवा नाही, आणि साध्य झाली तरी परवडेल किंवा नाही, याची जी पाहणी करतात, तिच्या निष्कर्षांस व्यवहार्यता अहवाल असे नाव आहे. हा विषय अभियंत्यांचा. मी तर केवळ मॅट्रिक झालेला, मुरुडास मुलांना अंकगणित शिकविण्यात आयुष्य घालविलेला एक निवृत्त शिक्षक. तथापि असा एक अहवाल मीही एकदा लिहिला होता, आणि तो चुकीचा लिहिला होता. त्या चुकीच्या आधारावरच आज आपल्यापुढे बोलण्याचे धाडस करीत आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गल्लीतील 42 घरांनी ठरविले की, वर्गणी जमवून जवळच्या एका जुन्या विहिरीवर पंप बसवावा, टाकी बांधावी आणि घरोघर नळ न्यावा. हिशेब येणारा मनुष्य म्हणून कागदपत्र माझ्याकडे आले. दिवाळीनंतर मी विहीर पाहिली. पाणी वरच्या पायऱ्यांना लागलेले होते. मग मी नळ किती फूट लागेल, सिमेंट किती, गवंड्याची मजुरी किती, हे सारे पैशापैशापर्यंत मांडले. वर्गणीची यादी घेऊन शेजारच्या एका वृद्ध काकूंकडे गेलो. पदराच्या गाठीतील नोटा सोडविताना त्यांनी विचारले, "गुरुजी, चैत-वैशाखात राहील ना हो पाणी?" मी म्हणालो, "राहील की, काकू. काळजी करू नका."

वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागला. पंप होता, टाकी होती, नळही होते. पाणी मात्र नव्हते. काकूंनी पैसे परत मागितले नाहीत, की एक शब्दही बोलल्या नाहीत. घागर उचलून त्या पुन्हा दूरच्या आडाकडे जाऊ लागल्या. कोणी चारचौघांत दोष दिला असता, तर तो मला इतका लागला नसता.

माझ्या कागदातील एकही बेरीज चुकलेली नव्हती. चुकले होते ते एवढेच की, योजनेचा सारा भार ज्या एका गोष्टीवर होता, ती गोष्ट मी तपासलीच नव्हती. आमच्याकडील जमिनीखाली काळा पाषाण आहे. पाणी मुख्यत्वे वरच्या मुरमाच्या थरात व खडकाच्या भेगांत साठते; पावसाळ्यानंतर ते भरपूर दिसते आणि उन्हाळ्यात झपाट्याने उतरते. म्हणून विहिरीची परीक्षा वैशाखात करावयाची असते. ठरावीक तास उपसा करावा, पातळी किती उतरली ते मोजावे, आणि ती पूर्ववत येण्यास किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावे. एका दिवसाचे हे काम आणि एका पंपाचे भाडे, एवढ्यात 42 घरांची वर्गणी वाचली असती.

योजना लहान असो वा मोठी, तिला विचारावयाचे प्रश्न थोडेच आहेत. गरज नेमकी किती? ज्यावर योजना चालावयाची ते साधन, म्हणजे पाणी, कच्चा माल किंवा गिऱ्हाईक, वाईटात वाईट वर्षीही मिळेल काय? बांधण्याचा खर्च किती, आणि बांधल्यानंतर दरसाल चालविण्याचा किती? तो कोण देणार? कोणाची जमीन, कोणाचा हक्क यात जातो? आणि शेवटचा प्रश्न, जो बहुधा विसरला जातो: हेच काम याहून सोप्या मार्गाने होण्यासारखे आहे काय?

आता हे प्रश्न मोठ्या मापाने लावून पाहू. 2016 साल आमच्या भागात कोणी विसरणार नाही. लातुरास पाणी पुरविणारे मांजरा धरण कोरडे पडले, आणि पाणवठ्यांवर तंटे होऊ नयेत म्हणून मार्च महिन्यात शहरात जमावबंदी लावावी लागली. एप्रिलात मिरजेहून कृष्णेचे पाणी आगगाडीने आणण्यात आले. सुमारे 340 किलोमीटरांचा प्रवास करून, आमच्या मुरुडच्या बाजूने ही गाडी लातुरास पोहोचली. पहिल्या गाडीस 10 वाघिणी होत्या व त्यांत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. पुढे 50 वाघिणींतून एका खेपेस सुमारे 25 लाख लिटर येऊ लागले.

हे होण्यासारखे होते काय? होते, आणि झालेही. ज्यांनी ते केले त्यांचे उपकार आहेत. परंतु हीच कायमची योजना म्हणून पुढे मांडली, तर अंकगणित काय सांगते ते पाहा. 2011 च्या जनगणनेप्रमाणे लातूर शहराची वस्ती सुमारे 3 लाख 83 हजार. 25 लाख लिटर वाटले, तर माणशी साडेसहा लिटर येतात. शहरांसाठी धरलेले प्रमाण माणशी दररोज 135 लिटर. त्या प्रमाणाने पाणी द्यावयाचे, तर 50 वाघिणींच्या 20 हून अधिक गाड्या रोज आणाव्या लागतील. संकटात जे योग्य, ते नित्याचे म्हणून अशक्य ठरते. हा भेद दाखविणे हेच अहवालाचे काम.

भीमेवरील उजनी धरणाचे पाणी नळाने लातुरास आणावे, ही मागणी पुष्कळ वर्षांची आहे. तहानलेल्या शहराने ती करावी, यात गैर काहीच नाही. परंतु अहवाल लिहिणाराने हेही नोंदविले पाहिजे की, 2016 च्या त्याच उन्हाळ्यात उजनीचाही उपयुक्त साठा संपला होता. ज्या वर्षी आपली विहीर आटते, त्याच वर्षी शेजाऱ्याचीही आटत असेल, तर तो आधार किती धरावयाचा? पाणी चढविण्याची वीज दरमहा किती लागेल, आणि भीमाकाठच्या शेतकऱ्यांचे काय? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर योजना अवश्य करावी. मिळण्यापूर्वी तिचा नारळ मात्र फोडू नये.

ती पाण्याची गाडी ज्या मार्गाने आली, त्या मार्गाचा इतिहासही याच विषयाचा धडा आहे. बार्शी ही व्यापाराची पेठ, परंतु मोठा लोहमार्ग तिला टाळून कुर्डुवाडीवरून गेलेला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने हिशेब मांडला की, रूळ अडीच फूट रुंदीचे ठेवावे आणि दर आसावरील भार 5 टनांपेक्षा अधिक होऊ देऊ नये. म्हणजे रूळ हलके चालतील, पूल स्वस्त पडतील आणि खर्च तेथील व्यापारास झेपेल. 1897 मध्ये बार्शीची गाडी सुरू झाली, 1911 मध्ये ती लातुरास आली व 1927 मध्ये मिरजेस पोहोचली. हिशेब खरा ठरला. परंतु रुंदी निराळी असल्यामुळे कुर्डुवाडीस माल एका गाडीतून दुसरीत भरावा लागे, आणि वाहतूक वाढली तसतसा हा जाच वाढला. शेवटी टप्प्याटप्प्याने रूळ रुंद करण्यात आले. 2011 च्या सुमारास मिरजेपर्यंतचे काम पुरे झाले. म्हणूनच 2016 मध्ये पाण्याच्या वाघिणी मिरजेहून थेट लातुरापर्यंत येऊ शकल्या. चांगला अहवालदेखील आपल्या काळापुरता खरा असतो. यास्तव तो कोणत्या गृहीतांवर उभा आहे, हे त्यात स्वच्छ लिहून ठेवावे, म्हणजे ती बदलताच पुढील पिढीस फेरविचार करता येतो.

श्रोतेहो, आपणांपैकी बहुतेकांवर धरण बांधण्याचा प्रसंग येणार नाही. परंतु आपल्या इमारतीच्या आवारात कूपनलिका घ्यावी काय, छपरावर सूर्यशक्तीची तावदाने बसवावी काय, संस्थेने नवे सभागृह बांधावे काय, असे ठराव आपल्यापुढे येतच असतात. त्या वेळी अहवाल कोणी लिहिला, हे प्रथम पाहा. ज्यास काम मिळावयाचे आहे त्यानेच तो लिहिला असेल, तर दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. आणि "ही योजना करू नये" असे लिहिण्याची मोकळीक लेखकास होती काय, तेही विचारा. ती नसेल, तर त्या कागदास पाहणी म्हणता येणार नाही; आधीच झालेल्या निर्णयास मिळालेले ते प्रशस्तिपत्र होय.

त्या काकू आज हयात नाहीत. कधी शाळेत गेल्या नव्हत्या. परंतु माझ्या संबंध अहवालात जो प्रश्न नव्हता, तो त्यांनी वर्गणी देता देता विचारला होता, आणि मी तो मोजमाप न करता एका शब्दात निकालात काढला. सभेत असा प्रश्न कोणी साध्या भाषेत विचारला, तर त्यास हसू नये. त्याचे उत्तर मोजून मिळेपर्यंत वर्गणीची पावती फाडू नये, एवढेच मला आपणांस सांगावयाचे होते.