भोपळ्यातली म्हातारी आणि बर्गी

(कोलकाता येथे शिक्षक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आपल्या शाळांतील मुले यंदा परदेशांतील शाळांशी लोककथांची देवघेव करणार आहेत. या कथा कशा निवडाव्यात आणि त्यांचे भाषांतर कसे करावे, याविषयी मी काही सांगावे अशी आपली अपेक्षा आहे. शिक्षणशास्त्र हा माझा विषय नव्हे. मी बंगालीतून मराठीत भाषांतर करते. तेव्हा जे सांगेन ते भाषांतरकाराच्या अनुभवाच्या मर्यादेतच सांगेन.

कथांच्या द्वारे परक्या देशाची ओळख करून घेण्याचा उद्योग या शहराला नवा नाही. 1800 साली येथे फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन झाले. इंग्लंडहून येणाऱ्या कंपनीच्या तरुण नोकरांना देशी भाषा शिकविणे हा त्याचा हेतू होता. पाठ्यपुस्तके हवीत म्हणून पंडितांनी हाताशी असलेल्या कथा घेतल्या. मृत्युंजय विद्यालंकारांनी बत्तीस पुतळ्यांची कथा 1802 साली बंगालीत आणली. विल्यम केरी 1804 पासून तेथे मराठीही शिकवू लागले आणि त्यांचे साहाय्यक पंडित वैजनाथ शर्मा यांनी केलेली मराठी ‘सिंहासन बत्तिशी’ 1814 साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडली. मराठीतील आरंभीची छापील कथापुस्तके पुण्यामुंबईत नव्हे, तर हुगळीच्या काठी तयार झाली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. मात्र तो सारा व्यवहार एकतर्फी होता. विद्यार्थी कथा शिकत होते ते पुढे राज्यकारभार करावयाचा म्हणून. त्यांच्या आजीने त्यांना कोणती गोष्ट सांगितली होती, हे पंडितांनी विचारल्याचे कोठे दिसत नाही.

आजच्या शाळांचा व्यवहार बरोबरीच्या नात्याने व्हावा अशी अपेक्षा असते. युनेस्कोने 1953 साली संलग्न शाळांची योजना सुरू केली ती याच भावनेने. परंतु अशा देवघेवीतून प्रत्यक्षात काय जाते? बहुधा पोशाख, मिठाई, एखादे नृत्य आणि सणांची माहिती. कोलकात्याच्या दुर्गापूजेला 2021 साली युनेस्कोच्या वारसा-यादीत स्थान मिळाले, त्यामुळे आता ती तर हमखास जाते. त्यात वावगे काही नाही. पण पोशाख पाहून संपतो. गोष्ट ऐकणारा मात्र उलट प्रश्न विचारतो. म्हणून मला गोष्टच अधिक महत्त्वाची वाटते.

एक उदाहरण घेऊ. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांचे ‘टुनटुनिर बोइ’ 1910 साली प्रसिद्ध झाले. संध्याकाळी मुले न जेवताच पेंगू लागतात, तेव्हा त्यांना जागे ठेवण्यासाठी पूर्व बंगालच्या स्त्रिया या गोष्टी सांगत, असे त्यांनी प्रस्तावनेत म्हटले आहे. त्यात एक कुबडी म्हातारी आहे. ती नातीकडे निघते. वाटेत कोल्हा, वाघ आणि अस्वल तिला खाऊ पाहतात. नातीकडून धष्टपुष्ट होऊन येते, मग खा, असे सांगून ती सुटते आणि परत येताना लौकीच्या पोकळ कवचात बसून गडगडत येते. मराठी वाचकाला पुढचे सांगावयास नको. आमची म्हातारी लेकीकडे जाते, तूपरोटी खाते आणि भोपळ्यात बसून परतते. इराणातही हीच म्हातारी आहे; तीही लेकीकडे जाते, वाटेत तिला लांडगा, बिबळ्या, सिंह भेटतात, आणि तिचाही भोपळा गडगडतो.

येथे थांबून ‘पाहा, सारे जग एकच!’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. खरी गंमत फरकात आहे. बंगाली म्हातारी वाटेसाठी पोहे आणि चिंच घेते. तिच्यापाशी इमानी कुत्रे आहेत आणि शेवटी तेच तिला वाचवितात. आमची म्हातारी एकटी असते आणि तिची भिस्त जिभेवर. तूपरोटीच्या जागी पोहे-चिंच का, नात का, लेक का, याची उत्तरे शोधताना मुलाला स्वतःचे घर नव्याने दिसू लागते. तेव्हा भाषांतरात पोह्यांचा ‘नाश्ता’ करू नका. परदेशी मुलाला पोहे ठाऊक नसतील तर तो पत्रातून विचारील. त्यासाठीच तर पत्रव्यवहार आहे.

आमच्या उंदराच्या टोपीचा भाऊही याच पुस्तकात आहे. टुनटुनी पक्ष्याला राजाचा एक रुपया सापडतो. राजाने तो हिरावला की पक्षी त्याला कंगाल ठरवितो, परत केला की भित्रा ठरवितो. फक्त बंगाली गोष्ट अधिक निर्दय आहे. तिच्या शेवटी राजाचे नाक कापले जाते. शालेय आवृत्तीत ते वाचविण्याचा प्रयत्न होतो. मला तो पसंत नाही.

आता अवघड भागाकडे येते. बंगालमध्ये घरोघर म्हटले जाणारे एक अंगाईगीत आहे. मूल झोपले, आळी शांत झाली, आणि देशात बर्गी आले. पाखरांनी धान खाऊन टाकले, आता सारा कोठून द्यावा, अशी त्यातील आईची चिंता आहे. हे बर्गी म्हणजे आपण. शब्द आपलाच आहे: बारगीर. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, ज्याला सरकारातून घोडा मिळे तो बारगीर. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा 1742 पासून दहाएक वर्षे बंगालवर चालून येत राहिल्या. इंग्रजांनी या शहराभोवती खंदक खणावयास घेतला, तो ‘मराठा खंदक’ म्हणूनच ओळखला गेला. भास्करराम कोल्हटकरांना अलिवर्दीखानाने 1744 साली भेटीस बोलावून दग्याने मारले. शेवटी 1751 साली तह झाला आणि वर्षाला बारा लाख रुपये चौथाई ठरली. त्याच सुमारास गंगाराम नावाच्या कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ लिहिले. गावे जळाली, माणसे जीव घेऊन पळाली, स्त्रियांची विटंबना झाली, हे सारे त्यात आहे. माझ्या शालेय इतिहासात अटकेपार गेलेले झेंडे पुष्कळ होते. या दहा वर्षांना एखादे वाक्य मिळाले होते.

एका बंगाली पुस्तकाच्या भाषांतरात हे गीत आले, तेव्हा ‘बर्गी’च्या जागी ‘चोर’ घालावे, मुलांची मने दुखावतील, अशी सूचना मला करण्यात आली. मी ती मानली नाही. चोर घातला की गीत गुळगुळीत होते, पण मग त्यातील आई साऱ्याची चिंता का करते, हेच कळेनासे होते. चोराला कोणी सारा देत नाही.

कोलकात्यातील मराठी मुलाने हे गीत टाळून फक्त शिवरायांची गोष्ट परदेशी पाठवावी काय? शिवरायांची गोष्ट अवश्य पाठवावी. तिलाही या शहरात घर आहे. सखाराम गणेश देऊस्कर हे मराठी घराण्यातील बंगाली लेखक. त्यांच्या शिवाजीविषयक पुस्तकासाठी रवींद्रनाथांनी 1904 साली शिवाजी-उत्सवावर कविता लिहिली, आणि 1906 साली येथील शिवाजी उत्सवास लोकमान्य टिळक स्वतः आले. ज्या प्रांतात बर्गीचे नाव घेऊन मुलांना निजवीत, त्याच प्रांताने हे केले. दोन्ही गोष्टी एकाच पाकिटात जाऊ द्या. समोरच्या देशातील मुलांच्या अंगाईतही कोणी ना कोणी शेजारी दडलेला असेल. आपण आपला पाठविला, तर तीही आपला पाठविण्याचे धैर्य करतील.

राहिली पद्धतीची बाब. गोष्ट पुस्तकातून उतरवून घेऊ नये. घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकावी, आणि कोणी, कोणत्या गावची म्हणून सांगितली हे वर लिहावे. दोघींनी एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली, तर दोन्ही ठेवाव्यात. भाषांतर मुलानेच करावे. शिक्षकांनी शुद्धलेखन तपासावे, शेवट बदलू नये. आणि ‘बर्गी’ तसाच ठेवून खाली टीप द्यावी: बर्गी, मूळ मराठी शब्द बारगीर, सरकारी घोड्यावरचा स्वार. माझ्या भाषांतरात ती टीप एवढीच आहे.