कुलूप काढू नका, किल्ली जुळवा
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



बोंडअळी, कापसाचा भाव आणि ज्वारीची खरेदी यांवर सकाळपासून बोलणे झाले. आता जरा वेगळा विषय. आपल्या तालुका कार्यालयातल्या वायफायचा. हसू नका, यात तुमचे सातबारे गुंतलेले आहेत.

गेल्या हंगामात पीकविम्याचे अर्ज भरण्यासाठी आम्ही कार्यालयात नवा राऊटर बसवला. संगणक एका कंपनीचा, राऊटर दुसरीचा, प्रिंटर तिसरीचा आणि जुना. पासवर्ड तोच घातला, तरी प्रिंटर जोडला जाईना. बाहेर रांग लागलेली. शेवटी आमच्यातल्या एकाने राऊटरचा पासवर्डच काढून टाकला. प्रिंटर लगेच सुरू झाला, आम्ही सगळे खूश! चार दिवस तसेच चालले.

रेडिओच्या लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. त्या चार दिवसांत संगणकाकडून प्रिंटरकडे गेलेली आधार कार्डे, पासबुके, सातबारे सगळे उघड्यावरून गेले. रस्त्यापलीकडे बसलेल्या माणसाला ते टिपता आले असते. कोणी टिपले का, हे आम्हाला कधीच कळणार नाही. चूक आमची होती, ती आम्ही येथे कबूल करतो.

पासवर्ड बरोबर असून प्रिंटर का जोडला गेला नाही? मुद्दा असा, की पासवर्ड म्हणजे किल्ली नव्हे. पासवर्डापासून यंत्र किल्ली तयार करते, आणि ती तयार करण्याची रीत दोन्हीकडे एकच असावी लागते. 1997 साली पहिली रीत आली, डब्ल्यूईपी. शब्दापासून किल्ली कशी करायची हे त्यात ठरलेलेच नव्हते. कंपन्यांनी आपापल्या पद्धती काढल्या. शब्द एक, कंपन्या दोन, किल्ल्याही दोन! एक जिला 40 बिट म्हणे, तिलाच दुसरी 64 बिट म्हणे. पूर्वी गावागणिक पायलीचे माप बदलायचे, तसाच प्रकार. शिवाय हे कुलूप तुटते, हे संशोधकांनी 2001 सालीच दाखवून दिले.

2003 साली डब्ल्यूपीए आणि 2004 साली डब्ल्यूपीए-2 आले. आता रीत सगळ्यांची एक झाली: 8 ते 63 अक्षरांचा पासवर्ड आणि नेटवर्कचे नाव एकत्र करून 4096 वेळा घुसळायचे आणि 256 बिटांची किल्ली काढायची. 2018 साली डब्ल्यूपीए-3 आले. आमचा राऊटर फक्त डब्ल्यूपीए-3 वर ठेवलेला होता आणि जुन्या प्रिंटरला डब्ल्यूपीए-2 एवढेच कळत होते. दोष पासवर्डाचा नव्हता, रीतीचा होता.

तेव्हा प्रत्येक कार्यालयाने एवढे करावे.

एक: सगळ्यात जुने यंत्र कोणती रीत जाणते ते पाहा. राऊटर डब्ल्यूपीए-2 आणि 3 च्या मिश्र सेटिंगवर ठेवा. तरी जुळले नाही तर डब्ल्यूपीए-2, एईएस, एवढेच ठेवा.

दोन: नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड साध्या इंग्रजी अक्षरांत व आकड्यांत ठेवा. लहान-मोठी अक्षरे सगळीकडे जशीच्या तशी घाला. पासवर्ड लांब असू द्या आणि तो भिंतीवर लिहू नका.

तीन: जुनी यंत्रे बहुधा 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतात. राऊटरवर ते चालू ठेवा.

चार: एखाद्या यंत्राला फक्त डब्ल्यूईपी येत असेल तर त्याला वायर लावा. एका यंत्रासाठी सगळ्यांचे कुलूप ढिले करू नका.

दुकानदार सांगेल, सगळी यंत्रे एकाच कंपनीची घ्या म्हणजे जुळतील. ऐकू नका. एका कंपनीच्या ट्रॅक्टरला दुसऱ्या कंपनीचा नांगर लागतो, कारण मागच्या जोडणीचे माप ठरलेले आहे. येथेही तसेच. डब्ल्यूपीए-2, डब्ल्यूपीए-3 चालते का, एवढे विचारा. चालत असेल तर कंपनी कोणती हा प्रश्नच उरत नाही.

शेतकरी आपल्या हाती कागद देतो तो विश्वासाने. रांग मोठी होती, हे तो विश्वास उघड्यावर टाकण्याचे कारण होऊ शकत नाही. पुढच्या बैठकीला येण्याआधी प्रत्येक तालुक्याने आपला राऊटर तपासून यावे.