दिसेनाशी झालेली गाडी

रिक्षांसारखी वाहने वगळता, १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थानदर्शक यंत्र व संकटकाळी दाबावयाचे बटण केंद्रीय नियमानुसार आवश्यक झाले. परंतु यंत्र बसविल्याने कार्य संपत नाही.

उपग्रहांच्या संकेतांवरून यंत्र आपले स्थान काढते. ते सर्व्हरकडे पोहोचते मात्र मोबाइलच्या जाळ्यातून. म्हणून दोष शोधताना प्रथम हे पाहावे : नोंद येते, पण धावत्या गाडीचे स्थान हलत नाही, तर अँटेनाला मोकळे आकाश मिळत नसावे. नोंदच येत नसेल, तर वीजपुरवठा, सिमकार्डाची मुदत, एपीएन, सर्व्हरचा पत्ता व पोर्ट क्रमांक क्रमाने तपासावेत. शेवटी यंत्राचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक सर्व्हरवरील नोंदीशी ताडून पाहावा. एक अंक चुकला, तरी सर्व्हर यंत्राला ओळखत नाही. घाटात जाळे नसल्यास यंत्र नोंदी साठवून मागाहून पाठविते. तो बिघाड नव्हे.

संकटात सापडलेली भगिनी, कोणीतरी ऐकत आहे या विश्वासानेच बटण दाबते. तो विश्वास खरा ठरावा, म्हणून ही तपासणी संकटापूर्वीच, नियमितपणे व्हावयास हवी.