शिमोनोसेकीचा नीलकंठ



कोल्हापुरात फुटबॉलवर बोलायचं तर समोरच्यांना पेठेचा इतिहास तोंडपाठ असतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही संघांची नावं इथल्या घरांत आजोबांपासून नातवापर्यंत चालत आलेली आहेत. त्यातलं मी तुम्हाला नव्याने काय सांगणार? आयोजकांनी विषयाचं बंधन घातलेलं नाही, म्हणून माझ्या मनात कित्येक वर्षं घर करून असलेल्या एका खेळाडूविषयी बोलतो. तो जपानमध्ये जन्मला, तिथेच लहानाचा मोठा झाला आणि वयाच्या तिशीत भारताकडून खेळला. मैदानावर त्याचं नाव अराता इझुमी. त्याचं भारतीय नाव नीलकंठ खंभोलजा.

जपानचं सगळ्यात मोठं बेट होन्शू. त्याच्या अगदी पश्चिम टोकाला शिमोनोसेकी नावाचं बंदर आहे. समोर अरुंद सामुद्रधुनी, पलीकडे क्यूशू बेट, आणि मधल्या समुद्राखालून माणसांना चालत जाता येईल असा बोगदा. फुगू नावाच्या विषारी माशासाठी हे गाव जपानभर प्रसिद्ध आहे. ३१ जुलै १९८२ला अराताचा जन्म तिथे झाला. वडील गुजराती, आई जपानी. त्या काळी जपानचा कायदा नागरिकत्व बापाकडून धरायचा. आई जपानी आणि बाप परदेशी असेल, तर मूल जन्माने जपानी ठरत नसे. तो कायदा बदलला १९८५ पासून. म्हणजे ज्या वर्षी हा मुलगा जन्मला, त्या वर्षी अशा घरांत मुलाचा देश कोणता हा प्रश्न पाळण्यापासूनच सुरू व्हायचा.

फुटबॉल शिकायला मात्र त्याला फार चांगला काळ मिळाला. १९९३च्या मे महिन्यात जे-लीग सुरू झाली तेव्हा तो दहा वर्षांचा होता. ब्राझीलचा झिको, इंग्लंडचा गॅरी लिनेकर असे खेळाडू जपानी क्लबांच्या जर्सीत दिसू लागले. १९९८ला जपान पहिल्यांदा विश्वचषकात खेळला, २००२ला कोरियाबरोबर यजमान झाला. हे सगळं एका मुलाच्या शाळा-कॉलेजच्या वयात घडलं. आणि राहवत नाही म्हणून सांगतो, याच जपानला १९६२च्या जकार्ता एशियाडमध्ये आपण २-० असं हरवलं होतं आणि त्याच स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं होतं. तिथून पुढे त्यांनी शाळेपासून क्लबापर्यंत एकेक पायरी बांधत नेली. आपल्याला ते जमलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

ज्या देशात फुटबॉल एवढा वाढला, तिथे चांगल्या खेळाडूंची रांगही तेवढीच मोठी असते. जे-लीगच्या वरच्या थरात अराताला जागा मिळाली नाही. तो सिंगापूरला गेला. अल्बिरेक्स निगाता या जपानी क्लबने तिथल्या लीगमध्ये जपानी खेळाडूंचाच एक संघ उतरवला होता, त्यात खेळला. आणि २००६ साली कोलकात्यात ईस्ट बंगालकडे आला. वडिलांचा देश, पण त्याच्यासाठी नवखा. तुमच्यापैकी बरेच जण उद्या पुण्याला, बंगळुरूला, जर्मनीला जाल. घरापासून लांब, भाषा येत नाही, जेवण वेगळं, आणि पहिल्याच महिन्यात स्वतःला सिद्ध करायचंय, ही अवस्था काय असते हे तुम्हाला तेव्हा कळेल. त्यात खेळाडूचं एक जास्तीचं असतं. त्याची परीक्षा दर आठवड्याला, हजारो लोकांसमोर होते.

कोलकात्याहून तो मुंबईला महिंद्रा युनायटेडमध्ये आला आणि २००९ला पुणे एफसीमध्ये. मी तेव्हा पुण्यात क्रीडा वार्ताहर होतो. बालेवाडीला आय-लीगचे सामने बघायला जायचो. तुमच्या शाहू स्टेडियमसारखी गर्दी तिथे नसायची. भर दुपारची वेळ, माथ्यावर ऊन, स्टॅण्ड बरेचसे रिकामे. खेळाडूंचं ओरडणं वरपर्यंत ऐकू यायचं.

अराता मधल्या फळीत खेळायचा. चेंडू पायातून निसटला की भलेभले खेळाडू क्षणभर थांबतात. हात कमरेवर जातात, नजर रेफरीकडे. तुम्ही स्वतः खेळत असाल तर हा क्षण तुमच्या ओळखीचा आहे. हा त्या क्षणाला वळलेला असायचा. चेंडू ज्याच्याकडे गेला त्याच्या आणि पुढच्या पासच्या मध्ये जाऊन उभा राहायचा. बऱ्याचदा चेंडू परत मिळायचा नाही, पण समोरच्याला तो मागे द्यावा लागायचा आणि तेवढ्यात आपली बचावफळी जागेवर यायची. याची नोंद कुठल्याही गुणफलकात होत नाही. सुरुवातीला मी सगळ्यांसारखा चेंडूच्या मागे नजर फिरवायचो. पुढे पुढे चेंडू दुसरीकडे असताना हा काय करतोय तेच बघत बसायचो.

आय-लीगमधल्या आपल्या पहिल्याच मोसमात पुणे एफसी तिसरा आला. २०१२-१३ला तर गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल दुसरा. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. क्लब नवा, शहराला फुटबॉलची फारशी सवय नाही, आणि तरी मोहन बागान, ईस्ट बंगाल या संघांना पुण्यात येऊन घाम गाळावा लागायचा. ते दिवस मला फार प्रिय आहेत.

आता एक गोष्ट समजून घ्या. मोठेपणी अराताकडे जपानी पासपोर्ट होता. त्यावर तो खेळत होता, तोवर क्लबाच्या हिशोबात तो परदेशी खेळाडू होता. प्रत्येक क्लबाला परदेशी खेळाडूंच्या मोजक्याच जागा असतात. त्या जागांवर ब्राझील, नायजेरियातून आलेल्या तगड्या आघाडीपटूंशी स्पर्धा. संघ हरला की सगळ्यात आधी बोट परदेशी खेळाडूकडे दाखवलं जातं, आणि मोसम संपला की सामान बांधायची वेळही आधी त्याच्यावर येते. अशा जागेवर वर्षामागून वर्षं टिकून राहणं हे मला त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात कठीण काम वाटतं. त्याला आपला म्हणणारे बालेवाडीत तयार झाले ते या वर्षांमुळे. कागद फार नंतर आले.

कागदांची गोष्ट अशी. आपला देश दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पूर्वी खेळाच्या बाबतीत थोडी ढील होती. परदेशात वाढलेल्या भारतीय वंशाच्या काही टेनिसपटू भारताकडून खेळल्याही होत्या. पण २००८च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने ठरवलं की भारताच्या संघात फक्त भारतीय पासपोर्ट असलेलाच खेळेल. याचा फटका फुटबॉलला बसला. न्यूकॅसलमध्ये जन्मलेला, वाढलेला मायकेल चोप्रा घ्या. प्रीमियर लीगमध्ये गोल करणारा तो भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. २००६ला संडरलंडविरुद्ध मैदानात उतरल्या उतरल्या काही सेकंदांत त्याने गोल केला होता. भारताकडून खेळायची त्याने इच्छा बोलून दाखवली, पण त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट परत करावा लागला असता. ते झालं नाही. मी त्याला दोष देत नाही. घर, आईवडील, बायकामुलं, पुढचं आयुष्य सगळं एका देशात असताना तो देश कागदावरून खोडायला कुणी कुणाला सांगू नये.

अराताने तो खोडला. २०१२ साली त्याने जपानचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. जपानचा पासपोर्ट तुम्ही पाहिला असेल, वर सोनेरी शेवंतीचं फूल असतं. जगातल्या बहुतेक विमानतळांवर तो दाखवला की पुढे जाता येतं. आपल्या पासपोर्टवर किती देशांच्या वकिलातींत रांगा लावाव्या लागतात हे ज्यांच्या घरचं कुणी परदेशी गेलंय त्यांना विचारा. ज्या शिमोनोसेकीत जन्म झाला, तिथे जायचं तरी या माणसाला आता व्हिसाचा अर्ज भरायचा होता. आणि हे कशासाठी? भारत तेव्हा फिफाच्या क्रमवारीत दीडशेच्याही खाली होता आणि जपान आशियाचा विजेता. दोन्ही संघांच्या जर्सी निळ्या, पण दोन निळ्या रंगांत जमीन-अस्मानाचं अंतर.

६ फेब्रुवारी २०१३ला कोचीत पॅलेस्टाइनविरुद्ध तो भारताकडून पहिल्यांदा खेळला. परदेशात वाढून, तिथलं नागरिकत्व सोडून आपल्या संघात आलेला तो पहिला खेळाडू. सामना आपण ४-२ असा हरलो. पुढे मोजकेच, दहाच्या आत सामने त्याच्या वाट्याला आले. तिशी ओलांडलेली, नवे प्रशिक्षक, नवे खेळाडू. हिशोब करणारे म्हणतील, एवढ्याशा सामन्यांसाठी एवढं मोठं काही सोडायचं असतं का? मला हा प्रश्नच मान्य नाही. देशाकडून खेळायला मिळेल की नाही, किती मिळेल, याची हमी त्याला कुणी दिलेली नव्हती. अर्ज करताना त्याला हे ठाऊक होतं. ज्या देशाच्या मैदानांवर इतकी वर्षं घाम गाळला त्या देशाचा होऊन राहायचं हे त्याने ठरवलं, आणि जर्सी त्या ठरवण्याचा एक भाग होती.

पण आपण त्याला काय दिलं, तेही बघायला हवं. महाराष्ट्रात ज्या क्लबांकडून तो खेळला त्यांतले तीन बघा. महिंद्रा युनायटेड २०१०ला बंद झाला. देशाची लीग जिंकलेला, ड्युरँड कप जिंकलेला क्लब एका निर्णयाने संपला. पुणे एफसी २०१५ला संपला. इंडियन सुपर लीगमध्ये तो एफसी पुणे सिटीकडून खेळला. तो क्लबही २०१९ला गुंडाळला गेला. तिन्हींतला एकही आज उरलेला नाही. एक माणूस आपला देश बदलून इथे राहायला तयार होतो आणि एवढ्या मोठ्या, श्रीमंत राज्याला एक क्लब टिकवता येत नाही, हे मला फार लागतं. उद्योगपतीच्या ताळेबंदात क्लब ही एक ओळ असते. ती ओळ तोट्यात गेली की कापली जाते.

तुमच्याकडे नेमकं उलटं आहे. पेठेतला संघ कुणाच्या ताळेबंदात नाही. तो वर्गणीवर, तालमीच्या ओट्यावर आणि ईर्षेवर चालतो. मंडळाचा अध्यक्ष बदलतो, संघ राहतो. आफ्रिकेतून आलेल्या पोरांनाही या पेठांनी आपल्या जर्सी चढवल्या, त्यांच्या नावाने आरोळ्या दिल्या. परक्या गावातून आलेल्या खेळाडूला आपलं म्हणायची रीत कोल्हापूरला शिकवावी लागत नाही. पण एक गोष्ट मी इथे स्पष्ट बोलणार आहे, कारण मला या गावाविषयी माया आहे. इथला गुणी खेळाडू शाहू स्टेडियमच्या बाहेर फार कमी पोचतो. अनिकेत जाधव पोचला. तो लहान वयात पुण्याला गेला, क्रीडा प्रबोधिनीत राहिला, पुणे एफसीच्या अकादमीत शिकला आणि २०१७ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. ज्या क्लबाच्या मोठ्या संघात अराता खेळत होता, त्याच क्लबाच्या अकादमीत हे कोल्हापूरचं पोर घडत होतं. क्लब गेला, पण त्याने घडवलेली पोरं आजही खेळताहेत. अजून किती अनिकेत पेठेच्या ईर्षेतच दमून गेले, याची यादी तुमच्याच आजूबाजूला सापडेल.

अराता पुढे कोलकाता, केरळ, मणिपूर असा सगळीकडे खेळला. आणि खेळणं थांबल्यावर जपानला परतला नाही. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या यंग चॅम्प्सच्या पोरांना शिकवू लागला. देशभरातून निवडून आलेली, घर सोडून वसतिगृहात राहणारी मुलं. घर सोडून खेळायला जाणं काय असतं, हे त्यांना सांगायला याच्याहून योग्य माणूस कोण?

परदेशात वाढलेल्या खेळाडूंसाठी दरवाजा पुरता बंद झालेला नाही, हेही सांगायला हवं. २०२५ला ऑस्ट्रेलियात वाढलेल्या रायन विल्यम्स या फुटबॉलपटूने तिथलं नागरिकत्व सोडून आपलं घेतलं. ऑस्ट्रेलियाकडून तो एकदा खेळलेलाही होता. त्याची आई मुंबईची, आणि आजोबा पन्नासच्या दशकात मुंबईकडून संतोष ट्रॉफीत खेळलेले. ही बातमी वाचली तेव्हा मला सगळ्यात आधी अराता आठवला. पहिली वाट त्याने पाडली होती.

तुमच्यातले सगळे खेळाडू होणार नाहीत. पण अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकांसाठी डी लायसन्सचा अभ्यासक्रम असतो. रेफरीची परीक्षा असते. फिजिओथेरपी शिकणारे तुमच्यात असतील, हिशोब ठेवू शकणारे वाणिज्य शाखेचे असतील. तुमच्या पेठेच्या संघाला यातलं कोण हवंय ते आज रात्री तालमीत जाऊन विचारा. दहा वर्षांच्या पोराला कुठल्या वयात काय शिकवायचं हे माहीत असलेला एक माणूस प्रत्येक मंडळात असेल, तर इथल्या पोरांना त्यासाठी लहानपणी घर सोडून पुण्याला जायची वेळ येणार नाही.

यंदाच्या मुलींच्या फुटबॉल संघाचा सत्कार राहिला आहे, आणि त्या मघापासून बूट घालूनच बसल्यात. त्यांना आता अडवत नाही. कर्णधार कोण आहे? ये, पुढे ये. ट्रॉफी घ्यायच्या आधी मला एवढंच सांग, डी लायसन्सचा फॉर्म कधी भरतेस?